सोडवून आणलेल्या पाळीव डुकरासाठी नवे घर: कोकणापुरते सविस्तर मार्गदर्शन

‘मिनी पिग’ किंवा ‘टीकप पिग’ म्हणून विकले जाणारे पिल्लू पहिले दोन महिने मांडीवर मावते. हे प्राणी बहुधा व्हिएतनामी पॉट-बेलीड जातीचे किंवा तिच्या संकराचे असतात. त्यांची वाढ तीन ते पाच वर्षे चालू राहते, पुरते वाढलेले डुक्कर ४५ ते ९० किलो भरते आणि निगा बरी राहिली तर १५ वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगते. विक्रेता पिल्लाचे आईबाप म्हणून जी जोडी दाखवतो ती पुष्कळदा स्वतःच वर्षाच्या आतली असते, कारण डुकरे पाच-सहा महिन्यांतच वयात येतात; त्यामुळे ‘हे एवढेच राहणार’ या बोलण्यावर विश्वास बसतो. पुढे ते सदनिकेत मावेनासे झाले की अलिबाग, मुरूड, दापोली किंवा गुहागरकडच्या एखाद्या फार्महाऊसवर येते, तिथल्या राखणदाराच्या गळ्यात पडते, आणि खुरे वाढलेले, अंगाला खरूज लागलेले असे ते शेवटी गावातल्या कुणा प्राणिमित्राच्या आवारात येऊन राहते.

हा लेख त्या प्राणिमित्रासाठी आहे. डुक्कर आवडणारी माणसे कोकणात हवी तेवढी भेटतात, विशेषतः मे महिन्यात आणि गणपतीत, जेव्हा चाकरमान्यांची घरे उघडी असतात आणि अंगण नातवंडांनी भरलेले असते. शोधायचे असते ते मात्र वेगळेच: जुलै महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी, दोन दिवस वीज नसताना आणि पाऊस कोसळत असताना, सत्तर किलोच्या जनावराला कोरडी जागा आणि वेळेवर खाणे देऊ शकणारे ठिकाण व तिथे बारमाही राहणारा माणूस. खालची प्रत्येक पायरी या एका कसोटीला धरून लिहिली आहे.

आधी प्राणी कोणता ते ठरवावे

पिल्लाच्या अंगावर मानेपासून शेपटीकडे जाणारे फिकट पट्टे असतील तर ते रानडुकराचे पिल्लू असण्याची शक्यता मोठी असते. हे पट्टे काही महिन्यांत नाहीसे होतात, म्हणून थोड्या मोठ्या जनावराच्या बाबतीत चेहऱ्याकडे पाहावे. रानडुकराचे मुसकट लांब व सरळ असते, खांदे उंच असतात आणि मानेवरून पाठीवर राठ केसांची आयाळ उतरते. पॉट-बेलीड डुकराचे नाक आखूड व सुरकुतलेले, पाठ मध्ये खोलगट आणि पोट जमिनीकडे लोंबलेले असते. शेपटीवरून निदान करू नये, कारण पॉट-बेलीड डुकराची शेपूटही रानडुकरासारखी सरळच असते.

रानडुकराला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांबाबत शेतकऱ्याला वनखात्याकडून परवानगी घेता येते, परंतु त्या तरतुदीचा पिल्लू घरी पाळण्याशी काही संबंध नाही. शंका असल्यास १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवावे आणि अशा पिल्लाला नवे घर देण्याच्या भानगडीत अजिबात पडू नये. रानडुकराचा संकर वाटणाऱ्या जनावराबाबतही वनक्षेत्रपालांचे मत लेखी घेतलेले बरे.

दुसरा प्रश्न मालकीचा. गावात मोकळे फिरणारे डुक्कर कुणाचे तरी उपजीविकेचे जनावर असू शकते, म्हणून ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील यांच्याकडे चौकशी करून, सापडल्याची जागा व तारीख लिहून ठेवावी. आधीचा मालक माहीत असेल तर त्याच्याकडून हक्क सोडल्याची चिठ्ठी सहीनिशी घ्यावी. उपासमार होईल अशा रीतीने जनावर वाऱ्यावर सोडणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, एवढे शांतपणे सांगितले की चिठ्ठी बहुधा मिळते. भांडण काढून काही हाती लागत नाही, आणि पुढे तोच मालक ‘माझे डुक्कर परत द्या’ म्हणून नव्या घरी जाऊन उभा राहण्याचा धोका मात्र वाढतो.

तीस दिवसांचे विलगीकरण

आणलेले डुक्कर निदान ३० दिवस इतर डुकरांपासून वेगळे ठेवावे. त्याची भांडी, झाडू आणि आपली पादत्राणेही वेगळी असावीत. हा खटाटोप मुख्यतः आफ्रिकन स्वाइन फिव्हरसाठी आहे. भारतात हा रोग २०२० साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला. माणसाला तो होत नाही, परंतु डुकरांसाठी त्यावर उपचार नाही. बाधित डुक्कर, त्याचे मांस, दूषित वाहन किंवा बूट यांतून तो पसरतो, आणि प्रादुर्भावाचे ठिकाण निश्चित झाल्यावर त्याच्या एक किलोमीटर परिसरातली डुकरे, पाळीव असोत वा धंद्याची, नष्ट केली जातात. तीव्र ताप, कानांवर व पोटावर लालसर-निळसर डाग, रक्ताची हगवण किंवा अचानक मृत्यू असे काही दिसले तर प्राणी जागचा हलवू नये व तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना ताबडतोब कळवावे. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याने ही माहिती देणे बंधनकारक आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

याच काळात पशुवैद्यकाकडून तपासणी, जंतनाशक, खरजेवर आयव्हरमेक्टिन, तसेच क्लासिकल स्वाइन फिव्हर (आफ्रिकन तापाहून वेगळा, डुकरांचा विषाणूजन्य रोग) आणि लाळ्या-खुरकूत यांच्या लसी उरकाव्यात. तालुक्याच्या दवाखान्यात डुकराची लस नेहमी ठेवलेली असतेच असे नाही, म्हणून आधी फोन करून मागणी नोंदवावी. कानात बारा अंकी बिल्ला मारून घेण्याविषयीही तिथेच विचारावे. पुढे जनावराची ओळख पटवण्याचा तो सर्वांत खात्रीचा पुरावा ठरतो.

आपल्या तब्येतीकडेही लक्ष असावे. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण दरवर्षी सापडतात आणि बाधित डुकराच्या मूत्रातून हे जिवाणू बाहेर पडू शकतात; त्यामुळे गमबूट व हातमोजे घातल्याशिवाय खोपटे धुऊ नये, पायाला जखम असेल तर दुसऱ्याला सांगावे, आणि ताप आल्यास आपण डुकराच्या संपर्कात होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूची वाढ डुकराच्या शरीरात होते व भातखाचरांत पैदा होणारे क्युलेक्स डास तो माणसापर्यंत नेतात. म्हणून खोपटे राहत्या घराला लागून असू नये आणि संध्याकाळी त्याला जाळी लावावी.

शस्त्रक्रिया झाल्याशिवाय देऊ नये

या बाबतीत सवलत देऊ नये असे माझे ठाम मत आहे. नराला खच्ची केले नाही तर त्याच्या अंगाला उग्र दर्प येतो, सुळे झपाट्याने वाढतात आणि स्वभाव आक्रमक होतो. मादी दर २१ दिवसांनी माजावर येते, त्या दिवसांत कुंपण तोडते, चावते, आणि रानडुकरांना आवाराकडे खेचते. गर्भ राहिला तर ११४ दिवसांत पिल्लांची रांग लागते आणि ज्या प्रश्नातून आपण एक जनावर बाहेर काढले त्याच प्रश्नात आणखी आठ-दहा ढकलली जातात. वय झालेल्या, शस्त्रक्रिया न केलेल्या पॉट-बेलीड माद्यांत गर्भाशयाच्या गाठी वारंवार आढळतात, हेही एक कारण आहे.

नराची शस्त्रक्रिया लहान वयात सोपी असते व तालुका पातळीवर होऊ शकते. मादीची मात्र पोट उघडून करावी लागते, डुकराची भूल नाजूक असते आणि चरबी जितकी जास्त तितके काम अवघड. त्यामुळे डुकरावर प्रत्यक्ष शस्त्रक्रिया केलेला पशुवैद्यक शोधावा आणि तो जवळपास नसल्यास परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी विचारणा करावी. ‘आम्ही नंतर करून घेऊ’ असे म्हणणारा मनुष्य प्रामाणिक असला तरी भाताची लावणी, गणपती, कापणी असे करत ते काम मागे पडते.

वजन, खाणे, स्वभाव: नोंदी ठेवाव्यात

घर पाहायला येणाऱ्याला सांगण्यासारखे आपल्याजवळ काही हवे. वजनकाटा नसेल तर शिंप्याच्या टेपने अंदाज काढता येतो. डुक्कर खात असताना पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजावा, मग दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मोजावी. दोन्ही मापे मीटरमध्ये घेऊन घेराचा वर्ग गुणिले लांबी गुणिले ६९.३ असा हिशेब केला की वजन किलोत मिळते. घेर ०.९५ मीटर आणि लांबी ०.९० मीटर असेल तर वजन सुमारे ५६ किलो येते. पॉट-बेलीडच्या ठेवणीमुळे यात थोडा फरक पडतो, पण महिन्या-महिन्याची तुलना करायला ते पुरते.

लठ्ठपणा हा या डुकरांचा मोठा शत्रू आहे. कपाळावरच्या चरबीच्या घड्या डोळ्यांवर उतरून चांगल्या डोळ्यांचे डुक्कर अक्षरशः आंधळे होते. मांसासाठी वाढवायच्या डुकरांचे खाद्य त्यांना देऊ नये. भाताचा कोंडा मापात, भाज्यांचा पाला, गवत, भोपळा, उकडलेल्या आठळ्या मूठभर, असा साधा आहार ठेवावा. फणसाचे गरे आणि काजूची बोंडे त्यांना अतिशय प्रिय असतात, परंतु हंगामात झाडाखाली मोकळे सोडले तर डुक्कर खायचे थांबत नाही. शिवाय बोंडूला लागलेल्या बियांच्या टरफलातले तेल तोंड भाजते, म्हणून बी पिळून काढूनच बोंडू द्यावे. आंब्याच्या बाठी घशात अडकू शकतात. कच्चे अळू देऊ नये. आवारात कण्हेर, एरंड किंवा काजरा असेल तर तो भाग कुंपणाबाहेर ठेवावा.

कोकणातल्या घरांत एक धोका हमखास असतो, तो मिठाचा. सुक्या मासळीचे उरलेसुरले, लोणच्याचा खार, खारवलेल्या आमसुलांचे पाणी हे सगळे ‘डुकराला काय होते’ म्हणून टोपात ओतले जाते. मीठ जास्त आणि पाणी कमी पडले की डुकराच्या मेंदूला सूज येते: ते एका जागी गोल फिरते, भिंतीला डोके टेकून उभे राहते, झटके येतात. पाणी बराच काळ मिळाले नसेल आणि मग एकदम भरपूर प्यायला दिले तरीही हेच घडते. अशा वेळी पाणी थोडे थोडे, पुन्हा पुन्हा द्यावे व पशुवैद्यकाला बोलवावे. हॉटेलचे खरकटे सर्वथा वर्ज्य समजावे, कारण त्यात डुकराचे मांस असेल तर आफ्रिकन स्वाइन फिव्हर त्याच वाटेने येतो.

स्वभावाच्या नोंदीत गोड शब्द नकोत, वागणूक हवी. अनोळखी पुरुषाला पाहून मागे सरते की अंगावर येते, पोट खाजवले की आडवे होते का, खाण्याच्या वेळी ढुशी मारते का, कुत्रा भुंकला तर काय करते, पट्टा घालू देते का, हे लिहावे. चावण्याचा इतिहास असेल तर तो लपवू नये. लपवलेली गोष्ट नव्या घरी आठवडाभरात उघडी पडते आणि जनावर परत येते.

मागणी आणणारा मजकूर आणि नको ती मागणी

जाहिरातीत पिल्लूपणीचा फोटो टाकू नये. आत्ताचा फोटो, शेजारी माणूस किंवा बादली ठेवून, म्हणजे आकार कळेल. वजन, वय, शस्त्रक्रिया झालेली आहे ही गोष्ट, आणि ‘मांसासाठी, विक्रीसाठी, पैदाशीसाठी दिले जाणार नाही’ हे वाक्य पहिल्या चार ओळींत असावे. ‘फुकट’ हा शब्द कटाक्षाने टाळावा. लसी आणि शस्त्रक्रियेच्या खर्चाचा काही भाग नव्या पालकाकडून घेण्याने आपली भरपाई होत नाही, पण हेतू बराचसा कळतो: मांसाच्या भावाशी तुलना करून घासाघीस करणारा माणूस तिथेच ओळखू येतो. डिसेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत, म्हणजे नाताळाच्या तोंडावर, डुक्कर कुणालाही सुपूर्द करू नये असे मी सांगेन. त्या काळातली मागणी ताटासाठी आहे की पाळण्यासाठी, हे फोनवरून ठरवणे कठीण असते. खरा पालक जानेवारीपर्यंत थांबतो.

पर्यटकांसाठी ‘प्राणी ठेवायचे आहेत’ असे म्हणणाऱ्या रिसॉर्टचाही मोह आवरावा. तिथे जागा प्रशस्त असते, फोटो सुरेख येतात. परंतु शनिवार-रविवारी बिस्किटे आणि चिप्स खाऊन व पोरांनी शेपूट ओढून डुक्कर बिघडते, आणि पावसाळ्यात रिसॉर्ट बंद पडले की नोकरमाणूसही गावी जातो.

फोनवर विचारायचे प्रश्न फार नाहीत. जून ते सप्टेंबर घरात रोज कोण असते? जागा स्वतःची आहे की भाड्याची, आणि सामाईक असेल तर भाऊबंदांची संमती आहे का? याआधी कोणती जनावरे होती आणि ती आता कुठे आहेत? जवळचा पशुवैद्यक डुक्कर पाहतो का? तुम्ही आजारी पडलात तर खाणे कोण घालील? पहिल्या प्रश्नाला ‘आमचा माणूस आहे ना’ असे उत्तर आले, तर त्या माणसाशीच बोलावे. अनेकदा त्याला काहीच सांगितलेले नसते, आणि पुढची पंधरा वर्षे ते डुक्कर खरे तर त्याच्याच जिवावर असणार असते.

जागा प्रत्यक्ष पाहणे

फोटोवर किंवा व्हिडिओवर समाधान मानू नये; आणि जमल्यास ही पाहणी पावसाळ्यातच करावी. ऑक्टोबरमध्ये कोरडे, हवेशीर दिसणारे परसू जुलैत वाहती पऱ्ह, म्हणजे ओहोळ, असू शकते. कोरड्या दिवसांत गेलो तर भिंतींवर चिखलाची रेघ कुठवर चढली आहे, शेवाळे कुठे आहे, पावळीचे पाणी कुठल्या बाजूने वाहते, हे वाकून पाहावे.

निवाऱ्याचे जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान हातभर उंच हवे. पावसाचा मारा येणारी पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजू बंद, छप्पर कौलांचे किंवा पत्र्याचे पण पुढे चांगले काढलेले, आणि जमीन खरबरीत. गुळगुळीत कोब्यावर जड डुकराचे मागचे पाय फाकतात आणि ते एकदा फाकले की बरे व्हायला फार काळ लागतो. आत भाताच्या पेंढ्याचा जाड थर असावा व तो ओला झाला की बदलला जावा. म्हणून पेंढा कुठे साठवतात हेही विचारावे. पेंढ्याची उडवी नसलेल्या घरी पावसाळ्यात कोरडे अंथरूण मिळणार नाही. जुना मांगर किंवा रिकामा गोठा थोड्या दुरुस्तीने उत्तम चालतो.

डुकराला घाम नीट सुटत नाही, त्यामुळे एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात दाट सावली आणि लोळायला चिखलाचा खड्डा ही चैन नसून गरज आहे. पांढऱ्या किंवा विरळ केसांच्या डुकराची कातडी उन्हाने भाजते. पाणी मार्च-एप्रिलनंतर कुठून येते, विहीर आटते का, टँकर लागतो का, याची चौकशी इथेच करावी.

कुंपणाच्या बाबतीत चिऱ्यांच्या सांधे न भरलेल्या गडग्यावर विसंबू नये. डुक्कर नाकाने एक चिरा हलवते, दुसऱ्या दिवशी तोच थोडा अधिक, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ते शेजाऱ्याच्या कुळथात असते. जाळी लावायची तर ती फूटभर जमिनीत पुरावी. उंची कमरेएवढी पुरते, कारण हे प्राणी उडी मारण्यापेक्षा खालून उकरतात. काटेरी तार नको. शेतीसाठी झटका मशीन आधीच बसवलेले असेल तर नाकाच्या उंचीवर एक तार ओढली की काम भागते. दोन डुकरांसाठी निदान दोन-तीन गुंठे फिरायला असावेत असे मला वाटते. ती जागा वर्षभरात पूर्णपणे उकरली जाणार, तिथे बाग राहणार नाही, हे पालकाला आधीच सांगावे.

मोकळे सोडण्याचा विचार कुणी मांडला तर नकार द्यावा. काळे पॉट-बेलीड डुक्कर तिन्हीसांजेला काजूच्या बागेत रानडुकरासारखेच दिसते, आणि पिकाच्या राखणीला बसलेल्या माणसाला फरक करायला वेळ नसतो. रानडुकरांसाठी लावलेल्या फासक्या आणि पेरलेले गावठी बॉम्ब यांत कुत्री, गुरे, बिबटेसुद्धा सापडतात. बिबट्याचा वावर कोकणात बहुतेक सगळीकडे आहे, म्हणून रात्रीचा निवारा चारही बाजूंनी व वरूनही बंद होणारा असावा. डुकराला साप बाधत नाही या समजुतीवर जाऊन सड्यालगतच्या (कातळाच्या माळालगतच्या) दगडांच्या राशी तशाच ठेवू नयेत. फुरसे हा विषारी साप अशाच ठिकाणी बसतो.

जवळपास व्यावसायिक वराहपालन आहे का, हेही पाहावे. एक किलोमीटरच्या आत असेल तर तिथल्या साथीची किंमत आपल्या निरोगी डुकरालाही मोजावी लागेल.

आणि शेजार. कोकणातली गावे मिश्र वस्तीची आहेत. कुणाच्या घराला, मशिदीला, देवळाला किंवा सार्वजनिक विहिरीला लागून डुक्कर ठेवल्याने मने दुखावतात आणि त्याचा त्रास अखेर प्राण्यालाच होतो. पालकाने शेजाऱ्यांशी आधी स्वतः बोललेले असावे, सांडपाणी कुठे जाणार ते दाखवलेले असावे. ग्रामपंचायतीकडून, आणि नगरपंचायत वा नगरपरिषदेच्या हद्दीत असल्यास तिथून, लेखी परवानगी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. एखाद्या शेजाऱ्याने स्पष्ट विरोध केला तर ते घर कितीही चांगले असले तरी सोडून द्यावे.

कागद

करारनामा साध्या मराठीत, एका पानाचा असावा. त्यात डुकराचे वर्णन व बिल्ल्याचा क्रमांक. मारणे, विकणे, पैदास करणे आणि दुसऱ्याला देणे यांस मनाई. आजारपणाचा खर्च कुणाचा. सांभाळणे अशक्य झाल्यास आपल्यालाच परत देण्याची अट. आणि ठरवून भेटीला येण्याची मुभा, एवढे मुद्दे पुरेत. दोन साक्षीदारांपैकी एक गावातला असावा. न्यायालयात अशा कागदाचे काय होईल याची चिंता करण्यापेक्षा, सही करताना माणूस कुठल्या कलमाशी अडखळतो याकडे लक्ष द्यावे.

प्रवास

डुकराला उचलून गाडीत घालता येत नाही. ते किंचाळते, माणसे घाबरतात, आणि घाईत त्याचा पाय मोडतो. निघण्याच्या दोन आठवडे आधी पिंजरा आवारात उघडा ठेवून त्यातच खाणे द्यावे, म्हणजे आत शिरणे ही सवयीची गोष्ट होते. गाडीत चढवण्यासाठी फळीचा उतार फार खडा नसावा व त्यावर गोणपाट ठोकलेले असावे. मागे प्लायवूडची फळी आडवी धरून चालले की डुक्कर पुढे सरकते; कान किंवा शेपूट धरून ओढू नये.

चढताना ते अनेकदा एका ठरावीक जागी थबकते. तिथे खाली पाहिले तर बहुधा ऊन-सावलीची सीमा असते, किंवा फळी आणि गाडीच्या हौद्यामधली काळी फट. डुक्कर मान खाली घालून, नाक त्या रेषेजवळ नेऊन हुंगत उभे राहते. अशा वेळी रेटू नये. फटीवर गोणपाट टाकावे, हौद्यात उजेड येईल असे कापड सारावे, आणि थांबावे. उजेडाच्या दिशेने ते जास्त सहज जाते.

छोटा हत्ती किंवा पिकअपमध्ये पेंढा घालून, वर ताडपत्री पण बाजू हवेसाठी उघड्या ठेवून, पहाटे निघावे. प्रवासाआधी पाच-सहा तास खाणे देऊ नये, कारण डुकरांना गाडी लागते. पाणी मात्र द्यावे. भुलीचे किंवा गुंगीचे औषध आपल्या मनाने देऊ नये, कारण गुंगीतल्या डुकराला शरीराचे तापमान सांभाळता येत नाही. पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला, लसीकरणाची नोंद आणि करारनाम्याची प्रत चालकाजवळ ठेवावी. रस्त्यात अडवल्यावर कत्तलीची वाहतूक नसल्याचे या कागदांवरूनच पटते. दरडी कोसळण्याच्या दिवसांत घाटरस्त्याने जायचे असेल तर प्रवास पुढे ढकलावा. तोंड उघडून धाप लागलेली दिसली तर सावलीत थांबून अंगावर व पायांवर साधे पाणी शिंपडावे, बर्फाचे नव्हे.

पहिले काही आठवडे

नव्या जागी पहिले दोन-तीन दिवस डुक्कर खाणे टाकू शकते, कोपऱ्यात तोंड करून पडून राहते. त्याला निवारा आणि लहानसे आवार एवढेच मोकळे ठेवावे. संपूर्ण जागा एकदम देऊ नये. तेच खाणे, त्याच वेळा, आणि शक्य असल्यास आपल्याकडचे थोडे जुने अंथरूण सोबत द्यावे. पालकाने जवळ नुसते बसावे, हात पुढे करू नये.

तिथे आधीचे डुक्कर असेल तर विलगीकरण संपल्यावर दोघांना जाळीच्या दोन बाजूंस दोन आठवडे ठेवून मग एकत्र सोडावे. त्यानंतरही भांडण होतेच: खांद्याला खांदा लावून गोल फिरणे, कान चावणे, फेस येईपर्यंत ढकलणे. वरचढ कोण हे ठरले की ते थांबते. रक्त वाहू लागले किंवा एक पळत असूनही दुसरे पाठ सोडत नसेल तरच मध्ये फळी घालावी, हात घालू नये. कुत्रा कितीही शांत असला तरी त्याला आणि डुकराला एकटे सोडू नये.

आपण पहिल्या आठवड्यात रोज फोन करावा, महिन्याभराने भेट द्यावी, आणि दुसरी भेट पावसाळ्याच्या मध्यावर, शक्यतो लावणीच्या धांदलीत, द्यावी. त्या भेटीत खुरांच्या बेचक्यात कुजण्याचा वास येतो का, कानाच्या आत खपल्या आहेत का, अंथरूण कोरडे आहे का, आणि कमरेच्या हाडावर बोट दाबल्यावर ते जाणवते का, हे पाहावे. जाणवत नसेल तर खाणे जास्त होत आहे.

घर मिळायला वर्षही लागू शकते, आणि काही डुकरांना, विशेषतः चावणाऱ्या किंवा वयस्कर, ते मिळतच नाही. म्हणून आपल्या आवारात जितकी कायमची ठेवता येतील तितकीच आणावीत. त्यापुढच्या प्रत्येक फोनला, फोन करणाऱ्याच्याच जागी डुक्कर काही महिने राहू शकेल का, हे विचारून त्याला खाणे, कुंपण आणि पशुवैद्यक यांची मदत करावी. परत येणाऱ्या डुकरासाठी एक खण मात्र नेहमी रिकामा ठेवावा, आणि ते आले की पुन्हा ३० दिवसांच्या विलगीकरणापासूनच सुरुवात करावी, मग ते अवघे चार दिवस बाहेर राहून आलेले का असेना.